बादलीतलं बेट

तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच हे सांगायला बसले आहे. ओळखीच्या कोणापुढेही हे तोंडातून निघालं नाही — माहेरी नाही, सासरी नाही, देवापुढेही नाही. देवापुढे तरी बोलायला काय हरकत होती? पण तिथंही मी हात जोडायचे, सगळ्यांना सुखी ठेव म्हणायचे आणि प्रसाद घेऊन घरी यायचे.

लोक मला समजूतदार म्हणतात. सासरच्या बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण देतात — बघ, नवऱ्याच्या हातून एवढं नुकसान झालं, पण या बाईनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मी ऐकते आणि पदर सारखा करते. काय बोलणार? ज्या गोष्टीनं माझं हे नाव झालं, तीच तुम्हाला सांगायची आहे. सरळ एका वाक्यात सांगता आली असती तर बरं झालं असतं. करून पाहिलं — होत नाही. थोडं मागून येते.

माझे यजमान — नाव घ्यायची सवय नाही, ‘हे’च म्हणते — नागपूरच्या लकडगंजातले. घरची लाकडाची टाल, म्हणजे वखार, टालीमागे घर, दिवसभर आरा मशीनची घरघर आणि वाढलेल्या ताटातसुद्धा सागवानाचा भुसा. हे भावांमध्ये धाकटे. मोठे दोघे ओंडका पाहून किती फळ्या निघतील ते सांगायचे. हे त्याच ओंडक्यावर ऊन कसं पडलं आहे ते पाहत उभे राहायचे. गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि हे डोळे बारीक करून उन्हाकडे बघताहेत. त्यापायी बोलणीही खूप खाल्ली.

सुट्टी मिळाली की स्कूटरला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून रामटेक, आंभोरा, जमलं तर चिखलदरा. माणसांचे फोटो काढत नसत, लग्नकार्यात कोणी गळ घातली तरी नाही. माणूस कॅमेऱ्यासमोर आला की नाटक करतो, डोंगर करत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठे दीर चिडवायचे की याच्याजवळ अख्ख्या जिल्ह्यातल्या दगडांचे फोटो आहेत, फक्त बायकोचा नाही. सगळे हसायचे, मीही हसायचे. खरं सांगू? मला त्याचं तेव्हा काही वाटतही नव्हतं. माणूस चांगला होता. आहे. त्या घरातल्या कोणाही पुरुषापेक्षा चांगला. हे मी मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही माझी बाजू घ्यायला बघाल.

फिल्म हे घरीच धुवायचे, मागच्या कोठीत, दाराच्या फटींना काळं कापड लावून. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. फिल्मला थंड पाणी लागतं. आणि आमच्या गच्चीवर लोखंडी टाकी — मे-जूनच्या दुपारी नळ सोडला तर हात चटकन मागे घ्यावा लागतो. असं पाणी फिल्मला लागलं की तिच्यावरचा थर फुगतो, मऊ पडतो आणि दुधावरची साय बोटानं सरकावी तसा सरकून जातो. त्या थरातच चित्र असतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात यांनी मला अशी एक वाया गेलेली पट्टी दाखवून सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं — हे लक्षात असू द्या.

तर आमची पद्धत अशी बसली. औषधांच्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवायच्या, ते काम यांचं. धुण्याचं पाणी माझं. मागच्या पडवीत माठांची रांग, वर ओलं पोतं, आदल्या दिवशीच भरून ठेवलेले. बर्फ टिकत नाही म्हणून हे एकामागून एक सगळे रोल औषधातून काढायचे आणि शेवटी एकाच बादलीत एकत्र धुवायला टाकायचे. तोवर घामानं निथळलेले असायचे. मग ते आंघोळीला जायचे, जेवायला बसायचे, आणि तेवढा वेळ मी माठातलं पाणी घेऊन बादलीचं पाणी बदलत राहायचे. औषधात ते पुन्हापुन्हा थर्मामीटर बुडवून बघायचे. माझ्या पाण्यात त्यांनी तो कधीच बुडवला नाही.

आता मधू. माझा धाकटा भाऊ. काटोलला आमचा संत्र्याचा बगीचा, आम्ही दोघंच भावंडं. वडील लवकर गेले. आईनं आणि मी मिळून त्याला डॉक्टर केलं — मी म्हणजे काय, मॅट्रिकनंतर घरी राहिले आणि बगीच्याचं पाहिलं, एवढंच. तो शिकला, स्कॉटलंडला गेला, तिथल्या एका इस्पितळात लागला. आणि आई आजारी पडली तेव्हा येतो येतो म्हणत आला नाही. कधी सुट्टी नाही, कधी परीक्षा. शेवटचे दिवस मी काटोललाच होते. नागपूरहून येणाऱ्या बसचा आवाज झाला की आई दाराकडे मान वळवायची. त्या बसनं मधू येणार, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. बस येऊन जायची, मी तिला सांगायचे की आता पुढच्या बसनं येईल. चुलतभावानं अग्नी दिला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मधूनं आम्हा दोघांना बोलावलं, तिकिटं पाठवली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं ती. घरात गडबड उडाली, सगळ्यांना वाटलं मी विलायत बघायला चालले. मी कशासाठी चालले होते? मला मधूजवळ बसून आईबद्दल बोलायचं होतं. त्याला रागवायचं होतं की जवळ घ्यायचं होतं, ते आजही सांगता येत नाही. पण आई गेल्यावर आम्ही दोघं मिळून एकदाही रडलो नव्हतो. यांना मी हे सांगितलं होतं का? नाही. मला वाटलं, हे सांगायची गोष्ट थोडीच आहे?

पहिले काही दिवस मधू कामावर जात होता. मग त्याला आठवडाभराची सुट्टी मिळाली. मला वाटलं, आता. आणि जेवताना यांनी सहज विचारलं की इथं जवळपास समुद्र, डोंगर असं काही आहे का. मधूचा चेहरा एकदम खुलला. पलीकडे स्काय नावाचं बेट आहे म्हणाला, गाडीनं जाऊ, पुढे बोटीतून गाडीच पलीकडे नेतात. दुसऱ्या दिवशी निघालोसुद्धा. फिल्मचे डझनभर रोल त्यानंच आणून यांच्या हातात ठेवले. असे रोल आपल्याकडे बघायलाही मिळत नसत. हे ते हातात घेऊन नुसते बघत राहिले.

बेट सुंदर होतं. ते नाकारून कसं चालेल? काळा दगड, आपल्याकडे असतो तसाच, पण उभा — भिंतीसारखे कडे सरळ समुद्रात उतरलेले. झाड जवळजवळ नाहीच. ढग इतके खाली की डोंगराचा माथा एकदा दिसायचा, एकदा नाहीसा व्हायचा. रस्त्यात मेंढ्या बसलेल्या, हॉर्न वाजवला तरी उठायच्या नाहीत. वारा असा की निऱ्या एका हातानं धरूनच चालायचं. जमीन काळी, भुसभुशीत, पाण्यानं भरलेली. पाय घोट्यापर्यंत आत. पहिल्या दिवशी मी यांच्यामागून निघाले, चपला चिखलात रुतवल्या, अनवाणी परत येऊन गाडीत बसले. आणि मग सगळा आठवडा तिथंच बसले.

हे आणि मधू निघून जायचे. मधू कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर घ्यायचा, हे पिशवी. एक जागा ठरवायची, स्टँड लावायचा आणि उजेडाची वाट बघत बसायचं. तासन् तास. पाऊस यायचा, भिजायचे. ऊन पडायचं, उभे राहायचे. ढग यायचा, पुन्हा बसायचे. गाडीच्या काचेतून मला दूरवर दोन ठिपके दिसायचे. डोंगराची उंची कळायला चित्रात माणूस लागतो म्हणे, म्हणून हे मधूला लांब एखाद्या सुळक्यापाशी नेऊन उभं करायचे. माणसांचे फोटो न काढणारा माझा नवरा. संध्याकाळी दोघं ओलेचिंब, गप्प गप्प, पण एकमेकांशी काहीतरी जुळल्यासारखे परत यायचे. मधू दोन घास खाऊन झोपायला जायचा. मी काही बोलायला गेले की म्हणायचा, ताई, उद्या. आणि उद्या सकाळी स्टँड परत त्याच्या खांद्यावर.

रविवारची मी वाट बघत होते. त्या बेटावर रविवार फार कडक पाळतात, दुकानंही बंद. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या म्हातारीनं मी वाळत घातलेली साडी दोरीवरून काढून, घडी करून मला आणून दिली — रविवारी धुणं वाळत घालत नाहीत, असं खुणेनं समजावून सांगितलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, इथं रविवारी साडीलासुद्धा सुट्टी आहे, तर हे दोघंही घरात बसतील. ओली साडी हातात घेऊन मी खाली आले, तर दोघं मागच्या दारानं निघून गेले होते. त्या दिवशी माझ्या आत काहीतरी घट्ट झालं, ते सुटलं नाही.

तुम्ही म्हणाल, राग तर मधूचा होता. होताच. तो मला टाळतो आहे, एवढं कळत होतं मला. पण त्याच्यावर राग धरणं जमेना — लहानपणापासून मी त्याची आईच होते अर्धी. आणि राग तर कुठेतरी ठेवायला हवा होता. यांच्यावर ठेवणं सोपं गेलं. हे उलटून बोलणाऱ्यातले नव्हते. निघायच्या दिवशी विमानतळावर मधू माझ्या पाया पडला आणि पटकन वळून गर्दीत गेला. मी आईचं नावही न घेता परत आले.

नागपुरात उतरलो तो जून. पावसाचा पत्ता नाही, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. शहरातल्या फोटो काढणाऱ्या चार मंडळींनी यांना आधीच सांगून ठेवलं होतं की दिवाळीत हॉल घेऊन तुमच्या विलायतेच्या फोटोंचं प्रदर्शन भरवू. आयुष्यात पहिल्यांदा यांचे फोटो भिंतीवर लागणार होते, अनोळखी माणसं येऊन बघणार होती. एरवी चिडवणारे मोठे दीर, त्यांनीही फ्रेमसाठी चांगलं जुनं सागवान निवडून बाजूला ठेवलं आणि कोणाला हात लावू देईनात. सगळे म्हणाले, पाऊस पडू दे, हवा गार होऊ दे, मग धू. यांना धीर निघेना. मी तरी थांबवायचं होतं, पण मीही थांबा म्हटलं नाही.

त्या दिवशी हे सकाळीच कोठीत शिरले. दुपारी बाहेर आले, बनियन अंगाला चिकटलेलं, आणि चेहरा असा हसरा की मी तो त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. बादली पडवीत ठेवली. एक पट्टी वर धरून मला दाखवली.

“सगळं आलं वं,” म्हणाले. “ढग, दगड, सगळं आलं. आता तू धून घे चांगलं, मी आंघोळ करून येतो.”

इथपर्यंत आले की मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी माठ रिकामे होते. परदेशातून आलो म्हणून भेटायला माणसं येत होती, सगळं पाणी त्यांच्यात संपलं, आणि मला नाइलाजानं नळाचं घ्यावं लागलं. इतकं चांगलं रचलं होतं की कधीकधी मलाच खरं वाटायचं. पण माठ भरलेले होते. मीच भरले होते. मग म्हणायचे, नळाचं पाणी एवढं तापलेलं असेल असं वाटलं नाही. जूनची दुपार, नागपूर — आणि वाटलं नाही?

झालं ते असं. हे न्हाणीघरात गेले. मी एक पट्टी उचलून उजेडाकडे धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजळ आभाळ काळं, काळे दगड फिके. आणि त्या काळ्या आभाळावर एवढासा पांढरा माणूस — गडद कोटातला मधू. पुढच्या चित्रात मधू. त्याच्या पुढच्यात मधू. आणि प्रत्येकात त्याची पाठ. मी दुसरी पट्टी काढली. पाठ. तिसरी. पाठच. मी ज्याचा चेहरा बघायला समुद्र ओलांडून गेले, त्याची पाठ यांनी रोल भरभरून आणली होती, आणि वर मला सांगत होते की सगळं आलं.

मी बादलीतलं पाणी ओतून दिलं. माठ हाताशी होता. त्याच्यावरचं पोतं मी सरकवलंसुद्धा. मग ते परत सारखं केलं, आणि बादली नळाखाली धरली.

हाताला चटका बसत होता. बादली भरली, ओतली, परत भरली. पट्ट्या हातानं खालीवर केल्या. थोड्या वेळानं पाण्यात काळसर, बुळबुळीत काहीतरी तरंगायला लागलं. तेव्हा तरी थांबायचं होतं ना? काही चित्रं राहिली असती. मी थांबले नाही. मोरीच्या जाळीवर ते काळं साचलं, ते मी तांब्यानं पाणी ओतून खाली ढकललं. आणि आता सगळ्यात वाईट सांगते. शेवटी मी गरम पाणी काढून टाकलं आणि बादलीत माठातलं गार पाणी भरून ठेवलं — यांनी येऊन हात घातला तर गार लागावं म्हणून. रागाच्या भरात हातून गेलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नाही. त्या शेवटच्या बादलीत राग नव्हता. ती हुशारी होती.

हे पंचा गुंडाळून आले, पट्टी वर काढली. कोरी. काठाला थोड्या सुरकुत्या, बाकी काचेसारखी स्वच्छ. दुसरी काढली, तिसरी काढली. पाण्यात हात घालून पाहिला. कोठीत जाऊन थर्मामीटर घेऊन आले, त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग पडवीतच खाली बसले. बादलीला टेकून. बऱ्याच वेळानं माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर एवढासाही संशय नव्हता त्या डोळ्यांत — असता तर मी कदाचित बोलले असते.

“मीच घाई केली,” म्हणाले. “बर्फ कमी पडला, हायपोचं औषध तापलं असन, मी पाहिलं नाही. तुझ्या भावाचे फोटो होते वं त्यात. मले माफ कर.”

आणि मी माफ केलं. तुम्ही बरोबर वाचलंत. “जाऊ द्या, मनाले लावून नका घेऊ,” असं म्हणून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, ऐकलं, आणि माझ्या मोठ्या मनाची गोष्ट तिथून निघाली ती घरभर झाली, मग नात्यागोत्यात गेली. अजून फिरते आहे.

प्रदर्शन झालं नाही. मोठ्या दिरांनी जपून ठेवलेलं सागवान एका गिऱ्हाइकाच्या देवघराला गेलं. हॉलवाल्या मंडळींनी जुने फोटो लावा म्हणून सांगून पाहिलं. हे नाही म्हणाले. माझा हातच कच्चा, म्हणाले, एवढी वर्षं करून साधं पाणी-औषध जमत नाही. पावसाळ्यात एक-दोनदा कॅमेरा काढून पुसला, परत ठेवला. मग पुसणंही बंद झालं. कोठीत गव्हाच्या कोठ्या आल्या. हे टालीवर नीट बसायला लागले, भाऊ खूश झाले. म्हणाले, चला, विलायतेनं याला माणसात आणलं. मग तेही ओंडका बघून फळ्या सांगायला लागले. मी ते शेजारच्या खोलीतून ऐकायचे. एकदा उठून बाहेर जावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, असं मनात यायचं. मग दुधाला उकळी यायची, नाहीतर कोणीतरी हाक मारायचं. निमित्त काय, मिळतंच.

मधू पत्रातून फोटोंची आठवण करायचा. यांना उत्तर लिहवेना. आधी उशिरानं लिहू लागले, मग त्यांनी लिहिणंच सोडलं. मी माझ्या पत्राच्या शेवटी घालायचे की हे कामात आहेत. दोघांचं त्या बेटावर जे काही जुळलं होतं, ते असं सुटत गेलं.

मधू नागपूरला आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, संत्र्याच्या दिवसांत. काटोलला जाऊन आला, रिकामं घर पाहून आला. दुपारची जेवणं झाली होती, समोरच्या खोलीत ते दोघं आणि मी, एवढेच. मधू म्हणाला, भाऊजी, आतातरी ते फोटो दाखवा. यांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं — ऊन, बर्फ, घाई, बादली. काहीच आडपडदा ठेवला नाही. चूक कबूल कशी करतात ते मी समोर बसून पाहिलं.

मधूनं सगळं ऐकून घेतलं. मग यांच्याकडे नाही, माझ्याकडे वळला.

“ताई, तुले कधी सांगतलं नाही. तिथं मी रोज आईसाठी रडत होतो. भाऊजी उजेडाची वाट पाहत बसत, अन् मी बोलत राहायचो. तुझ्यासमोर मले तोंड नव्हतं. मीच म्हणायचो यांना, पाठीकडून काढा, डोळे लाल आहेत. भाऊजी म्हणत, हे फोटो तयार झाले की ताईपुढे ठेव, अन् मग तिले सगळं सांग. तेच धरून बसलो होतो मी.”

यांनी मला यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं. मधूनं नको म्हटलं होतं, म्हणून. ‘तुझ्या भावाचे फोटो होते’ म्हणून माफी का मागितली, ते मला तेव्हा कळलं. मी गाडीत बसून ज्या ठिपक्यांचा राग राग करत होते, ते दोन ठिपके आईबद्दल बोलत होते. उजेडाची वाट बघायचं निमित्त करून माझा नवरा माझ्या भावाला रडू देत होता.

“माझ्या हातून गेलं गा मधू,” हे म्हणाले.

दोघं समोर होते. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ कोणती असते? माझ्या हातात बडीशेपेची वाटी होती. ती मी मधूपुढे केली.

मग मधू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, मोठ्यानं, लहान असताना रडायचा तसा. ज्यासाठी मी एवढ्या लांब गेले होते ते मला माझ्याच घरात मिळालं. मला रडू आलं नाही. यांनी उठून मधूला पाणी आणून दिलं.

अलीकडे यांची नजर गेली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, बाकी नाही. पण मधली सगळी वर्षं त्यांचे डोळे चांगले होते. रामटेक जागेवर होतं, आंभोऱ्याला नदी होती, ढग येत होते, जात होते, आणि हे लकडगंजात फळ्या मोजत बसले होते. फोटो धुऊन गेले त्याचं मी एक वेळ काही म्हणणार नाही. ही वर्षं मात्र परत येत नाहीत, आणि ती मी घेतली. बेट एका दुपारी गेलं. बाकीचं मी रोज थोडं थोडं घेत राहिले, गप्प बसून.

संध्याकाळी मी त्यांना वाचून दाखवते. पेपर, आलेली पत्रं, मासिकातलं एखादं. मध्येच थांबले की विचारतात, थांबली काहून? माझ्या वाचण्यात त्यांचा जीव रमतो. हे लिहिलेलं मात्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

आत्ता लिहिते आहे तेव्हा ते समोर आरामखुर्चीत बसले आहेत. कागदाची सळसळ त्यांना ऐकू येते. मघाशी विचारलं, “काय लिहून राहिली वं एवढं?”

मधूला पत्र लिहिते आहे, असं सांगितलं.

खुर्चीत जरा सरळ बसले. मग म्हणाले, “त्याले माझ्याकडून लिही. त्या फोटोंचं मनात नको ठेवू म्हणावं.”

मी म्हटलं, लिहिते.